कोपऱ्यातली सात भोकं

"भोकं पाडली तरी फाटणार नाही, असं काही मिळेल का?"

झेरॉक्सवाल्याने मशीनचं झाकण मिटलं आणि वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक मुलगी उभी होती. तिच्याकडे वहीएवढा, पिवळा पडलेला पुठ्ठा होता आणि तो तिने तान्ह्या मुलासारखा धरला होता. मानेखाली एक हात देऊन.

"माणसाचं मन," तो म्हणाला.

"पुठ्ठ्यावर चिकटतं?"

दुकान टाकून त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्याने काउंटरवरून पुष्कळ विनोद खपवले होते, पण एकही विनोद कुणी वापरून बघायला मागितला नव्हता. त्याने मिटलेलं झाकण उगाच पुन्हा उघडलं. 

"पारदर्शक फिल्म हवीय," ती म्हणाली. "एका बाजूने चिकट. निळसर असेल तर उत्तम. चकाकणारी नको."

"लॅमिनेशन करून देतो ना! दोन्ही बाजूंनी. सात जन्म टिकेल."

"मला एकच जन्म टिकवायचाय. आणि लॅमिनेशनने याची भोकं बुजतील."

"कसली भोकं?"

तिने पुठ्ठा ट्यूबलाइटसमोर धरला. त्यात सुईच्या टोकाएवढी हजारभर भोकं होती. त्यांतून उजेड गळाला आणि झेरॉक्सवाल्याच्या शर्टावर ठिपक्याठिपक्यांचं एक फूल उमटलं. देठ, दोन पानं आणि बाजूला नागमोडी वेल. त्याने खाली वाकून फूल पाहिलं. तिनेही पाहिलं. मग तिने शर्टाचं वरचं बटण तुटलेलं पाहिलं, आणि ते आपण उगाच पाहिलं असं तिला वाटलं.

"हे काय आहे?"

"लेसचा नमुना. हा उशीवर ठेवायचा, भोकाभोकात टाचणी खोचायची, आणि टाचण्यांना वळसे घालत धागे विणायचे. प्रत्येक धाग्याला खाली एक लाकडी कांडी लटकते, बॉबिन. टाचणी कुठे खोचायची ते भोक सांगतं."

"म्हणजे लेस या भोकांवर चालते?"

"लेस म्हणजे भोकंच. धागा आपला नावाला असतो, ती सुटी होऊ नयेत म्हणून."

झेरॉक्सवाल्याने माळ्यावर चढून, दोन खोकी डोक्यावर पाडून घेऊन, निळ्या फिल्मचा एक जुना रोल शोधून काढला. तो कुणीतरी मागवला होता आणि न्यायला आलाच नव्हता. काही गोष्टी माणसाची अशी वाट बघत बसतात. बहुतेक गोष्टी मात्र नुसत्याच पडून राहतात, हेही इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

*

ती जिथे काम करायची ती कार्यशाळा रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर होती. एक लांबट खोली, ओळीने बारा उश्या, बारा बायका. दिवसभर बॉबिनींचा टिकटिकाट; नव्या माणसाला वाटे छपरावर गारा पडतायत. मालकीण तिची सख्खी काकू. उत्तरेच्या खिडकीशी एक टेबल होतं, ते हिचं. हिचं म्हणजे बसायला हिचं, अजून नावावर नव्हतं. टेबलामागे नमुन्यांचं कपाट, आणि कपाटाची किल्ली काकूच्या कमरेला. "या वर्षीची मोठी ऑर्डर पार पडली," काकू म्हणायची, "की किल्ली तुझी. मग नमुन्यांचं खातं तू सांभाळायचं, मी विचारणारसुद्धा नाही." हे ती गेली तीन वर्षं म्हणत होती. यंदा मात्र काकूने तारीख सांगितली होती.

ही नमुने टोचायची. जुना पुठ्ठा नव्या पुठ्ठ्यावर ठेवायचा, खाली दाबलेल्या लोकरीचं जाड फेल्ट, सुईला मेण लावायचं, आणि सुई सरळ उभी धरून भोकामागून भोक पाडत जायचं. सुई तिरपी गेली तर टाचणी तिरपी, टाचणी तिरपी तर लेस लंगडी. टोचून झालं की पुठ्ठा उलटा करून पाठीवर उठलेले बारीक कंगोरे घासून काढायचे, न पसरणाऱ्या शाईने रेषा काढायच्या, वरून निळी फिल्म. निळी अशासाठी की पांढरा धागा उठून दिसावा. असा एक पुठ्ठा वीसेक वेळा वापरता येई. मग भोकं सैल पडत, टाचण्या डुलायला लागत, आणि नवा टोचावा लागे. तोही मुळावरून; नकलेवरून कधीच नाही. नकलेची नकल करत गेलं तर पाचव्या खेपेला गुलाबाचा कोबी होतो.

बायकांनी तिचं नाव टोचणी ठेवलं होतं. सुईवरून ठेवलं की तोंडावरून, याबद्दल त्यांच्यात दोन पक्ष होते.

काकूला आणि बायकांना तिच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती : टोचणीच्या पुठ्ठ्यावर केलेल्या रुमालाचे कोपरे सपाट बसतात. इतरांचे बसत नाहीत. लेस टाचण्यांवर असेपर्यंत शहाण्यासारखी वागते. टाचण्या काढल्या की कोपऱ्यातला धागा आत ओढला जातो आणि कोपरा बशीसारखा उचलतो. सहा वर्षं खपून, किती कोपरे उसवून, तिने त्यावर उपाय काढला होता. कोपऱ्यातली सात भोकं ती जागेवर पाडतच नसे. केसभर बाहेर पाडायची. प्रत्येक भोक वेगवेगळं सरकवून. बघणाऱ्याला ते दिसायचं नाही, आणि दिसलं तरी चूक वाटलं असतं. काकू म्हणायची, "पोरीचा हात चांगला आहे." ती म्हणू द्यायची.

*

दुसऱ्या भेटीला ती भांडायला आली. हातात पोलादी पट्टी होती, आणि मागच्या खेपेला त्याच्याकडूनच काढून नेलेली नमुन्याची झेरॉक्स.

"तुमच्या मशीनने माझे सहा मिलिमीटर खाल्ले."

"कुठल्या बाजूचे?"

"हसू नका! या नक्षीचे चार तुकडे जोडून चौकोन होतो. आता शेवटचं टोक पहिल्याला मिळत नाही. वीस सेंटिमीटरला सहा मिलिमीटर!"

त्याने मशीनच्या पडद्यावर बोट फिरवलं आणि ओशाळला. "सत्त्याण्णव टक्के. कागदावर नीट बसावं म्हणून ते आपोआप थोडं लहान करतं."

"मला न विचारता?"

"त्याला वाटतं, आपण मदत करतोय."

ती खरंच चिडली होती, पण यावर तिला हसू आलं. चिडलेल्या माणसाला हसवलं की आपण त्याला जिंकलं, असा पुरुषांचा समज असतो. तो निम्मा खरा असतो, हीच त्यातली अडचण.

मग पाऊस सुरू झाला. प्रेमकथेत पाऊस कशासाठी येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तो पुठ्ठ्यासाठी आला. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, आणि फुगलेल्या पुठ्ठ्यावर टोचलेली भोकं ऊन पडल्यावर भलतीकडे जातात. म्हणून पावसाच्या दिवशी टोचायचं काम बंद. अशा दिवशी ती फिल्म चिकटवायची, आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने मागचा कागद हळूहळू सोलायचा, दुसऱ्याने पट्टीने फिल्म दाबत पुढे सरकायचं. कार्यशाळेतल्या बाराही बायकांचे हात गुंतलेले. झेरॉक्सवाल्याचे मोकळे. पाऊस असला की त्याच्याकडेही कुणी फिरकत नसे.

"हळू... अजून हळू..." ती म्हणायची.

"याहून हळू म्हणजे मला थांबावं लागेल."

"मग थांब."

"थांबलो. आता?"

"आता काही नाही. बुडबुडा आलाय."

"कुठे?"

"इथे — " आणि तिचं बोट जिथे टेकलं तिथेच त्याचंही टेकलं. बुडबुडा गेला. बोटं बराच वेळ तिथेच राहिली, जणू बुडबुडा परत येणार होता. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं. तिच्या उजव्या तर्जनीला सुईच्या दांड्याने घट्टा पडला होता, वाटाण्याएवढा. त्याने तो अंगठ्याने चाचपला.

"दुखतो?"

"नाही. तिथे काही कळतच नाही."

"म्हणजे मी आत्ता हात धरला तो तुला कळला नाही?"

"बाकीच्या चार बोटांना कळला," ती म्हणाली आणि फिल्मचा कागद सोलायला लागली. ती त्याला 'तू' कधीपासून म्हणायला लागली ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बहुधा तिसऱ्या सरीला.

बायकांना मात्र तारीख पाठ होती. त्यांतली थोरली, तीस वर्षं बॉबिनी फिरवून जिची बोटं सकाळी मिटता मिटत नसत, ती एकदा म्हणाली, "काय गं टोचणे, हल्ली फिल्मला बुडबुडे फार येतात नाही?"

"पावसामुळे."

"हो का! आमच्या वेळी मेला पाऊसच पडत नव्हता."

*

"तुझ्या हातचं काहीतरी दे ना मला," एक दिवस तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी रुमाल दिला असता. तिने रुमालाचं मूळ दिलं. मोठ्या ऑर्डरसाठी तिने नवा चौकोनी नमुना आखला होता. त्याची दोन मुळं टोचली होती. एक कपाटात गेलं, दुसरं तिने कागदात गुंडाळून त्याच्या काउंटरवर ठेवलं. सातही भोकं जिथल्या तिथे, म्हणजे जिथे नसायला हवीत तिथे, होती.

त्याने ते फ्रेम करून दुकानात लावलं. गिऱ्हाईक विचारी, "हे काय हो?" तो म्हणे, "प्रेमपत्र." गिऱ्हाइकाला वाटे, हा नेहमीचा विनोद.

मग तो तिच्या घरी आला. तिची आई हेच काम करायची. तिच्याच जागेवर, त्याच खिडकीशी, बावीस वर्षं. आता तिला समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध धुरकट दिसे आणि कडेचं तेवढं स्पष्ट, त्यामुळे ती सगळ्यांकडे तिरपं बघायची. नव्या माणसाला वाटे, बाई संशयी आहे. झेरॉक्सवाला अर्धा तास खुर्चीच्या कडेवर बसून घाम पुसत होता.

"कान मोठे आहेत तुमचे," आई म्हणाली.

"हो... म्हणजे लहानपणापासून."

"बरंय. ऐकाल तरी." मग म्हणाली, "माझे डोळे त्या भोकांत गेले. डॉक्टर म्हणतात वयामुळे गेले, पण डॉक्टरांना काय माहीत, त्यांनी कधी टोचलंय? हिचे जाऊ देऊ नका. एवढं केलंत तरी पुष्कळ."

"नाही जाऊ देणार, आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

टोचणी आत चहा गाळत होती. तिला ते ऐकू आलं. तिने गाळणी जरा वेळ तशीच धरून ठेवली. आई काहीतरी मागते आणि तो 'हो' म्हणतो, याला तिच्या लेखी लग्नाची मागणीच म्हणायचं. आणि ती खरंच तशी होती. त्याने दिलेला शब्द अगदी मनापासून दिलेला होता. पुढे जे झालं ते त्या शब्दामुळेच झालं. तो लबाड असता तर काहीच बिघडलं नसतं.

त्यानंतर तीन आठवडे तो गूढ वागला. पाऊस पडला तरी दुकान बंद. "भावोजींकडे काम आहे," एवढंच सांगायचा. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा पाट्या बनवायचा कारखाना होता. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, 'कुत्र्यापासून सावध'. फ्रेमही भिंतीवरून गायब होती. "काच बदलायला दिलीय," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि तिला ते इतकं आवडायचं की तिने पुढे विचारलं नाही.

*

तो आला तेव्हा स्वच्छ ऊन होतं. टोचायला उत्तम हवा. बाराही उश्यांवरचं जुनं काम उतरवून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऑर्डरचे रुमाल लागायचे होते. एका रुमालाला पंधरा दिवस. टोचणी बारापैकी सातवा पुठ्ठा टोचत होती आणि संध्याकाळपर्यंत उरलेले होतील का या विवंचनेत होती.

झेरॉक्सवाल्याने तपकिरी कागदाचा गठ्ठा काकूच्या पुढ्यात ठेवला आणि दोरी सोडली. आत निळ्या प्लास्टिकचे बारा पत्रे होते. पातळ, गुळगुळीत, कडा घासलेल्या. प्रत्येकात तो चौकोनी नमुना, भोक न् भोक कोरलेला.

काकूने एक उचलून वाकवला. तो वाकला आणि सरळ झाला. तिने त्यावर पाण्याचा थेंब टाकून पुसला. टाचणी खोचली, ती उभी राहिली, सैनिकासारखी.

"फुगत नाही?"

"नाही."

"भोक सैल पडत नाही?"

"तुमची नातवंडं वापरतील, काकू."

"अगं बाई." काकू चष्मा काढून पुन्हा घालत म्हणाली, "म्हणजे दरवर्षी नवे टोचायलाच नकोत."

"नकोतच!" तो म्हणाला, आणि वळून टोचणीकडे बघताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की थोरलीनेसुद्धा टोमणा गिळला. "तुझ्या मुळावरूनच केलंय सगळं. स्कॅन केलं, भावोजींच्या मशीनवर चढवलं. मशीन अक्षरं कापतं तशी भोकं पाडतं, एक पत्रा सहा मिनिटांत! आता तुला डोळे फोडत बसायला नको. मी आईंना शब्द दिला होता..." तो थांबला. बारा बायका आपल्याकडे बघतायत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मागे फिरण्याऐवजी तो पुढे गेला. "आणि... म्हणजे आता तू मोकळीच आहेस, तर... लग्न करू या."

खोलीतला टिकटिकाट आधीच थांबलेला होता. आता बाराही माना टोचणीकडे वळल्या.

"चांगलंच झालं की!" काकू म्हणाली. ती खरंच आनंदली होती. वाईट बाई नव्हती ती. "मी विचारच करत होते. त्या टेबलावर पॅकिंग छान बसेल, उजेडही आहे. आणि पॅकिंगला तूच बस, लग्नानंतरसुद्धा. घरचं माणूस ते घरचं माणूस."

किल्लीचं कुणी काही बोललं नाही. ज्या कपाटातलं काही बदलायचंच नाही, त्याच्या किल्लीचं काय बोलायचं?

टोचणीने एक पत्रा उचलला आणि खिडकीसमोर धरला.  तिने नक्षीवरून सावकाश नजर नेली, कोपऱ्यापाशी आली आणि थांबली.

"कोपरा..." ती म्हणाली.

"हां, ते मी सांगायचंच विसरलो," तो उत्साहाने म्हणाला. "तिथली सात भोकं ओळीतून जरा सरकली होती. सॉफ्टवेअरने दाखवलं आणि आपोआप सरळ केलं. तुझा हात थकला असेल म्हटलं, शेवटी शेवटी."

तिने पत्रा खाली ठेवला नाही. उजेडात धरूनच ती उभी राहिली, आणि पुढचं सगळं तिला भोकाभोकातून दिसलं. उद्या सकाळी बारा उश्यांवर हे पत्रे लागतील. पंधरा दिवस सगळं झकास चालेल. सोळाव्या दिवशी टाचण्या निघतील आणि बारा रुमालांचे अठ्ठेचाळीस कोपरे बशीसारखे वर येतील. ऑर्डर परत. काकू कपाळाला हात लावेल, प्लास्टिक माळ्यावर जाईल, झेरॉक्सवाल्याचं नाव या खोलीत पुन्हा निघणार नाही. आणि काकू उत्तरेच्या खिडकीशी येऊन म्हणेल, "तूच टोच गं बाई," आणि कमरेची किल्ली सोडून देईल. त्यासाठी तिला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. पत्रा खाली ठेवून, लाजून, मान खाली घालायची होती. लग्नाची मागणी आलेल्या मुलीकडून कुणी याहून जास्त अपेक्षा करत नाही.

पलीकडे थोरली आपली बोटं एकेक करून ओढत होती. उद्याची तयारी.

"उद्या हे लावू नका," टोचणी म्हणाली.

"का?" काकूने विचारलं.

"कोपरे उचलतील. ती सात भोकं चुकलेली नव्हती. मी सरकवलेली होती. टाचण्या काढल्या की धागा आत ओढतो, तेवढं आधीच बाहेर ठेवायचं असतं."

"अगं, मग मूळ आहेच की कपाटात," काकू म्हणाली. "त्याच्यावरून सुधारून घेऊ."

"मुळावर मला दिसतात. दुसऱ्याला कुठलं किती सरकवलंय ते मोजता यायचं नाही, आणि मशीन ती पुन्हा सरळच करील." तिने झेरॉक्सवाल्याकडे पाहिलं. "लिहून घ्या."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. तपकिरी कागद उलटा केला.

"टोकाचं भोक, अर्धा मिलिमीटर बाहेर, तिरकस. त्याच्या दोन्ही बाजूंची दोन, पाव-पाव मिलिमीटर. पण डावीकडचं जरा कमी, कारण धागा डावीकडून येतो. मग..."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. सहा वर्षांचं सांगून व्हायला चहाचा एक कप निवण्याइतकाही वेळ लागला नाही. सातव्या भोकापाशी पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं. त्याचे ते मोठे कान लालबुंद झाले होते.

"हे... हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. आता काकूला, या बाराजणींना, तुम्हाला आणि भावोजींच्या मशीनला माहीत आहे."

'तुम्हाला' त्याने ऐकलं. तो काकूकडे वळला. "काकू, हे पत्रे मी परत नेतो. नको हे."

"का म्हणून?" काकूने बारा पत्र्यांवर हात ठेवला. "एवढं सोन्यासारखं काम! तेवढे कोपरे सुधारून परवा आणून द्या. दोन दिवस उशीर चालेल मला. आणि तुम्ही नाही दिलेत तर पाट्यांचे कारखाने गावात कमी आहेत का? आता मापं तर सगळ्यांनी ऐकली."

खरं होतं ते. थोरलीने मान खाली घातली आणि मोकळ्या उशीवर उगाच एक टाचणी खोचली, काढली, खोचली.

टोचणीने सातवा पुठ्ठा पुरा केला. अकरा भोकं उरली होती, ती टोचली. मग पाठ घासली. का, ते कुणी विचारलं नाही. मग तिने पिशवी खांद्याला लावली.

*

तो जिन्यातून तिच्या मागोमाग उतरला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शपथ. मला वाटलं, तुला त्रास होतो..."

"होतो की."

"मग?"

"माझा होता तो."

खालच्या पायरीवर ती थांबली. समोर त्याचं दुकान बंद होतं. दारात दोन गिऱ्हाइकं उभी राहून आत डोकावत होती.

"तुम्ही माझे डोळे वाचवलेत," ती म्हणाली. "आता त्यांनी बघू काय?"

त्याच्या तोंडाशी सवयीने उत्तर आलं. ते येऊ नये म्हणून त्याने ओठ मिटले, पण ते आलंच. "मला."

"रोज?"

ती हसली. हसताना तिचे डोळे भरले, आणि ते तिने पुसलेही नाहीत. तो एक पायरी खाली आला. ती एक पायरी आणखी खाली गेली आणि रस्त्यावर पोचली.

"लग्नाचं काय सांगू घरी?" त्याने विचारलं.

"सांगा, नाही म्हणाली."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

"सांगा, माप चुकलं."

"पण तू गप्प बसू शकली असतीस." तो जवळजवळ ओरडलाच. "गप्प बसली असतीस तर मी तोंडावर आपटलो असतो, आणि टेबल तुझं राहिलं असतं. तुला कळलं होतं ते, वरच. मी बघत होतो तुझ्याकडे. मग का सांगितलंस?"

"बाराजणी आहेत वर. थोरलीची बोटं पाहिलीत ना? पंधरा-पंधरा दिवस गेले असते त्यांचे."

"बास? त्या बाराजणींसाठी?"

बस येत होती. तिने हात केला आणि मग, त्याच्याकडे न बघता, पिशवीचा बंद सारखा करत म्हणाली,

"आणि तेरावे तुम्ही."

बस थांबली, ती चढली, दार लागलं. आपल्यावर प्रेम असल्याचं आपल्याला आत्ताच कळवण्यात आलं आहे, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत बस निघून गेली होती.